दोन जूनची मुलगी

आठवणी लिहायला वय लागतं असं म्हणतात. केस पांढरे व्हावेत, गुडघे बोलायला लागावेत, मग माणसाने वही उघडावी. मी नुकती कुठे विशीत शिरले आहे, तेव्हा या कामाला मी अपात्र आहे हे आधीच सांगून टाकते. पण वयावरून अपात्र ठरण्याचा मला चांगला अनुभव आहे. आयुष्यात माझं जे काही थोडंफार भलं झालं, ते मी काही केल्यामुळे नाही, एकदा ठरलेल्या अपात्रतेमुळेच झालं. म्हणून ते लिहून ठेवते.

आमच्या घरात सगळ्यांचा वाढदिवस एक जूनला असतो. आप्पांचा म्हणजे माझ्या वडिलांचा, तात्यांचा म्हणजे माझ्या काकांचा, आईचा आणि काकूचाही. पूर्वी पोराला शाळेत नेलं की गुरुजी त्याचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते बघत. लागला की पहिलीत बसवत आणि जन्मतारखेच्या रकान्यात एक जून लिहून मोकळे होत. त्यामुळे दरवर्षी एक जूनला सकाळी आमच्या ओसरीवर चार मोबाइल टिंग टिंग वाजत राहतात. बँक शुभेच्छा देते, मोबाइल कंपनी शुभेच्छा देते, आणि तात्या प्रत्येक वेळी दचकून विचारतात, "आता काय कापलं?" घरात कुणी कुणाला शुभेच्छा देत नाही. आई नेहमीसारखी चुलीपुढे बसून भाकरी थापत असते.

माझी तारीख मात्र दोन जून आहे, किंवा तेव्हा होती. त्यामागे आप्पांची हुशारी. तात्यांची सोनाली गेवराईच्या इंग्लिश मीडियममध्ये जायला निघाली, आणि व्हॅनवाला म्हणाला की एका पोरीसाठी तलवाड्याच्या पुढे वस्तीपर्यंत गाडी आणायला परवडत नाही, दोन पोरी द्या. दुसरी पोरगी म्हणून मी दिली गेले. शाळेने जन्माचा दाखला मागितला. आप्पा तेव्हा सरपंच होते. त्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर, स्वतःच्या सहीने, स्वतःच्याच मुलीच्या वयाचा दाखला लिहिला. "बाई इंग्लिश शिकलेली. एक जून म्हणलं की लगेच वळखंल. म्हून म्या दोन जून टाकली," हे ते आलेल्या-गेलेल्याला मांडीवर थाप मारून सांगत. ऐकणारा हसे. वर्षाबद्दल त्या गोष्टीत कधी काही नसे, आणि कुणी विचारतही नसे.

शाळेत मी सर्वांत बुटकी होते. बुटांच्या नाड्या वर्गातल्या सगळ्यांना बांधता यायला लागल्या त्यानंतर वर्षभराने मला आल्या. बाथरूमला जाऊ का, हे इंग्रजीतच विचारायचं असा नियम होता. वाक्य जुळवण्यात माझा इतका वेळ जाई की त्याचे परिणाम बाकावर दिसत. बाई प्रगतिपुस्तकात दरवर्षी 'क्वाएट चाइल्ड' असं लिहीत. आप्पांना तो शेरा बक्षिसासारखा वाटे. मी गप्प का आहे ते मला ठाऊक होतं: मी मठ्ठ होते. सोनी फटाफट उत्तरं द्यायची, मी अजून प्रश्नातच असायचे. मग मी बोलणं सोडून बघण्याचं काम घेतलं. कोण कुणाच्या डब्यातलं काय खातं, कुठल्या बाईंच्या चपलेचा अंगठा तुटला आहे, हे मला वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असे. त्यावर कुणी मार्क देत नाही.

घरी पाहुणे आले की आप्पा हाक मारत, "वैशू, जरा इंग्लिश म्हणून दाखव." मी आत ज्वारीच्या कोठीमागे जाऊन उभी राही. शेवटी सोनी बाहेर येऊन माझ्या वाटचीही कविता म्हणून जाई. ती कोठी आता पत्र्याची आहे, पण तिच्यामागे मावण्याइतकीच जागा अजून शिल्लक आहे. मी अधूनमधून बघून ठेवते.

बारावी झाली त्या उन्हाळ्यात माझं स्थळ आलं. माजलगावकडचे पाहुणे, मुलगा पुण्याला कंपनीत, घरात तीन सुना आणि तिघी गाडी चालवणाऱ्या. येऊन बघून गेले. मी पोह्यांची बशी पुढे केली आणि बशीतल्या शेंगदाण्यांकडे बघत बसले. त्यांना मी पसंत पडले. न बोलणारी मुलगी पसंत पडायला वेळ लागत नाही. सुपारी फोडायची ठरली जूनच्या दुसऱ्या गुरुवारी आणि लग्न दिवाळीनंतर. आप्पांचा हिशोब साधा होता: दोन जूनला पोरीला अठरा पूर्ण, मग कुणाला बोट दाखवायला जागा नाही. या बाबतीत ते काटेकोर होते. मुलीचं लग्न अठरा वर्षांनंतरच करा, अशी पाटी त्यांनी सरपंच असताना पंचायतीच्या भिंतीवर रंगवून घेतली होती आणि खाली स्वतःचं नाव जरा मोठ्या अक्षरांत टाकलं होतं.

मला लग्न करायचं नव्हतं. मला बीडच्या कॉलेजात जायचं होतं. हे सांगायचं धैर्य मी न्हाणीत गोळा करत असे. 'आय वुड लाइक टू कंटिन्यू माय स्टडीज' हे वाक्य मी तांब्या हातात घेऊन, पाण्याच्या आवाजाखाली, अगदी स्वच्छ म्हणत असे. पण घरात ते ज्याला सांगायचं त्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि मराठीत ते वाक्य माझ्या तोंडात येईना. मराठीत नुसतं वाक्य म्हणून भागत नाही, समोरच्याकडे बघावं लागतं. एकदा मी निर्धार करून ओसरीपर्यंत आले. आप्पांनी वर बघितलं आणि विचारलं, "काय गं?" मी म्हणाले, "काही नाही, पाणी आणू का?" त्यांनी आधीच दोन तांबे पाणी प्यायलं होतं. तिसरा मी आणला.

लायसनचा विषय काढला आईने. माझी आई माझ्यापेक्षा कमी बोलते, त्यामुळे ती बोलली की सगळे थांबतात. रात्रीची जेवणं चालली होती. येसर आमटी, भाकरी आणि ठेचा. आप्पांच्या ताटात वाढता वाढता ती म्हणाली, "त्यांच्या तिन्ही सुना गाडी चालवत्यात. आपल्या पोरीचं लायसन सुपारीच्या आधी निघालं तर बरं दिसंल."

आप्पांना ते इतकं पटलं की त्यांनी घास हातातच ठेवला. "लई भारी बोललीस. बायोडाट्यात टाकता येईल." आप्पांचं स्वतःचं लायसन कधी कुणी पाहिलेलं नाही. सगळ्या नाक्यांवर त्यांना ओळखतात, तेवढं त्यांना पुरतं.

सोनीची स्कूटी होती. खळ्यावर दोन घमेली पालथी ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढायचा सराव मी चार दिवस केला. पाय टेकला की नापास, असं सोनी सांगे. माझे दोन्ही पाय टेकत. "अगं तू गाडी चालवतीस का गाडीबरोबर चालतीस?" ती म्हणे. खळ्याच्या कडेला शेळ्या बांधलेल्या असत. मी एका शेळीला वाट द्यायला थांबले. ती दावणीला बांधलेली होती हे मला नंतर दिसलं.

तीन जूनला, म्हणजे कागदोपत्री अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, आप्पा मला जीपमध्ये घालून तलवाड्याला गजूभाऊच्या सेवा केंद्रात घेऊन गेले. गजूभाऊ सात-बारापासून पीकविम्यापर्यंत सगळं काढून देतो. कूलरसमोरची खुर्ची त्याने आप्पांना दिली आणि मला स्टूल. शिकाऊ लायसनला काय काय लागतं ते तो बोटांवर मोजत सांगायला लागला. गिअरच्या गाडीला आणि साध्या स्कूटीलाही अठरा पूर्ण पाहिजेत. पत्त्याचा पुरावा पाहिजे. मिरगी, चक्कर, रातांधळेपणा नाही असं स्वतः लिहून द्यायचं. मग परीक्षा, ती कॉम्प्युटरवर. मी प्रत्येक अटीला मनात स्वतःला तपासत होते. चक्कर येते का? पाहुण्यांसमोर येते. ते धरायचं का, हे विचारायचं मी टाळलं.

गजूभाऊने माझा आधार नंबर टाकला, आप्पांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला, आणि फोटो, नाव, पत्ता, तारीख हे सगळं आपोआप पडद्यावर आलं. मग त्याने पुढचं बटण दाबलं. लाल अक्षरं आली. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

"आप्पा, पोरगी बसंना," तो म्हणाला.

"बसंना म्हंजे?"

"वयात बसंना. आधारावर अकरा ऑगस्ट हाय. आन् वर्ष बी पुढचं. सोळा पूर्ण दावतंय, सतरावं चालूये."

आप्पा हसले. "आरं दोन जून हाय तिची. आख्ख्या तालुक्याला म्हाईत हाय. आधारवाल्यानं चुकवलं. थांब, फोन लावतो."

"कोणाला लावता?"

आप्पांनी मोबाइल काढला, नावं वरखाली केली, आणि पहिल्यांदाच मी त्यांना कुणाला फोन लावायचा ते न सुचलेलं पाहिलं. साइट मुंबईतून चालते की दिल्लीतून, हे गजूभाऊलाही नक्की सांगता येईना. शेवटी आप्पा पडद्याकडे बघून म्हणाले, "ह्याच्या वर कोण बसतं?"

"वर कोणीच न्हाई, आप्पा. मशीनच हाय." मग त्याला आमची दया आली असावी. "सोळाला एक मिळतं. पन्नास सीसीच्या आतली, बिनगिअरची गाडी. बापाची संमती लागती. देऊ टाकून?"

"टाक की!"

"पण तसली गाडी आता बाजारात दिसत न्हाई."

म्हणजे मी एका अशा गाडीला पात्र होते जी कुणी विकत नव्हतं. वर्गातली माझी एकूण कामगिरी पाहता मला याचं नवल वाटलं नाही. गजूभाऊने पुढची वाट सांगितली: आधी आधार दुरुस्त करा, त्याला जन्माचा दाखला लागतो, शाळेच्या दाखल्यावर भागणार नाही. आधारकार्ड मी कितीदा हातात घेतलं होतं, पण जुनं कार्ड ते, त्यावर नुसतं वर्ष छापलेलं. ते एकाने पुढचं आहे हे दर माणसाच्या चपलेचा अंगठा बघणाऱ्या मला कधी दिसलं नव्हतं.

घरी आल्यावर आप्पा आधारवाल्याचा उद्धार करत होते. आई लसणाच्या पाकळ्या सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग सिरसाळ्याहून दाखला आणा की. हिच्या वक्ताला मी माहेरीच होते. आमच्या दादांनी पंचायतीत नोंद केलती."

"केलती का?" आप्पा खूश झाले. "मग काय आडलं! उद्याच जातो."

दुसऱ्या दिवशी आम्ही सिरसाळ्याला गेलो. आईने वाटेत खायला धपाटे आणि दह्याचा डबा दिला. सिरसाळ्याचे मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, तिचे दादा, आम्हाला पंचायतीत घेऊन गेले. कचेरीत सहा-सात माणसं बाकावर बसली होती. सगळ्यांनी आप्पांना ओळखलं, चहा आला. म्हातारे कारकून चष्मा पुसून आले आणि त्यांनी लाल कापडात बांधलेलं जन्माचं रजिस्टर टेबलावर ठेवलं. आप्पांनी वर्ष सांगितलं. कारकुनांनी जून महिन्यावरून बोट फिरवलं, मग जुलै, मग मे.

"न्हाई हो साहेब."

"नीट बघा. दोन जून."

"दोन जूनला एकच नोंद हाय, आन् तो मुलगा हाय."

बाकावर कुणीतरी खोकलं. मामा पुढे झाले. "भाऊजी, दोन जून कावून म्हणताव? तवा श्रावण होता. बहिणीला डिंकाचे लाडू करायला आमच्या आईनं नागपंचमीचं सवाष्णीचं जेवण सोडून दिलतं. मला चांगलं ध्यानात हाय. पुढच्या वर्षाचं काढा हो काका."

कारकुनांनी पुढच्या वर्षाचं रजिस्टर आणलं. पान उलटलं, बोट थांबलं, आणि त्यांनी शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं. आईचं नाव, बापाचं नाव, मुलगी, अकरा ऑगस्ट. मग त्यांनी सवयीने बोटांवर मोजलं आणि मोठ्याने सांगितलं, "दोन महिन्यानं सतरा पूर्ण."

मी माझ्या नावाकडे बघत होते. नाव नव्हतंच, त्या जागी नुसतं 'मुलगी' होतं. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात हळूहळू, माझ्या नेहमीच्या वेगाने, उतरत होती. मी वर्गातल्या सगळ्यांपेक्षा वर्षाहून जास्त लहान होते. नाड्या, बाक, कविता, सगळी वर्षं. मी मठ्ठ नव्हते. माझी बोटं अजून तेवढी झाली नव्हती. त्या कचेरीत, माणसांनी भरलेल्या खोलीत, मला एकदम हसू आलं आणि मी ते खोकल्यात बदललं. (हा दिलासा फार टिकला नाही. पुढच्या ऑगस्टनंतरही माझा वेग तसाच राहिला आणि आता सबब संपली आहे.)

बाकावरचे एक फेटेवाले आजोबा सहज म्हणाले, "पोरीचं लगीन काढलंय म्हणत व्हते ना, सरपंच?"

आप्पांनी आजोबांकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर त्यांच्या पाटीसारखीच पाटी होती, खाली नाव वेगळं. चहा त्यांनी थंड होऊ दिला. "छे," ते म्हणाले. "आत्ताच कुठं. लायसनचं काम हाय."

परतीच्या वाटेवर एका लिंबाखाली जीप थांबवून आम्ही धपाटे काढले. दह्यात बोट बुडवून ते म्हणाले, "व्हॅनवाला दोन पोरी द्या म्हणला व्हता गं. सोनीबरोबर बसवायची म्हून वरीस मागं घेतलं. मग म्याच इसरून गेलो." आप्पांना मी कधी चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं. कुठे बघावं ते कळेना म्हणून मी डब्याच्या झाकणाकडे बघितलं.

"तुला करायचं व्हतं का लगीन?"

हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. न्हाणीतलं वाक्य इंग्रजीत पूर्ण तयार होतं. मी मान हलवली. आडवी.

"मग तोंड न्हाई का तुला?"

मी तेव्हाही बोलले नाही. धपाटं तोंडात होतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे. खरं म्हणजे ते हातात होतं.

आप्पांनी तिथूनच पाहुण्यांना फोन लावला. "कागदात घोळ निघालाय. पोरीला अठरा व्हायला वरीस-सव्वा वरीस हाय. न्हाई न्हाई, तसं करता येत न्हाई, माझं नाव भिंतीवर हाय." पलीकडच्यांना थांबायचं नव्हतं. दिवाळीनंतर त्यांनी दुसरी मुलगी केली. मी बीडला कॉलेजात गेले, एसटीने.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा आई दारात निवडणं घेऊन बसली होती. तिने "काय झालं?" असं विचारलं नाही. आप्पा आत गेल्यावर ती उठली, तिच्या लुगड्यांच्या ट्रंकेतून पिवळं पडलेलं लसीचं कार्ड काढून तिने माझ्या हातात दिलं. अकरा ऑगस्ट. आधारकार्डाचं शिबिर शाळेत भरलं होतं तेव्हा मला घेऊन तीच गेली होती. हेच कार्ड तिने तिथे दाखवलं होतं.

"तुला माहीत होतं?"

"मी बाळंत झाले, मला म्हाईत नसंल?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. लायसन काढा म्हणलं."

मी गप्प बसणं तिच्याकडून घेतलं असं लोक म्हणतात. ते खरं नाही. गप्प बसून काय करायचं असतं ते तिला येत होतं, मी नुसतीच गप्प होते.

अठरा खरोखर पूर्ण झाल्यावर मी लायसन काढलं. आठच्या चाचणीत पहिल्यांदा नापास झाले, पाय टेकला. दुसऱ्यांदा पास झाले. कार्ड पोस्टाने घरी आलं तेव्हा आईने ते पदराने पुसलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हे मला मिळंल का?"

मी मोबाइल काढला. अटी आता मला पाठ होत्या. वरच्या वयाची मर्यादा नाही, फक्त चाळिशी ओलांडली की डॉक्टरचा दाखला लागतो. मी तिचं आधार उघडलं. एक जून, आणि वर्ष. "एकोणचाळीस आहेस. लवकर काढून टाक." मग सवयीने मी पुढचंही मोजलं. तिच्या लग्नाची पत्रिका त्याच ट्रंकेत आहे, मी पाहिलेली आहे. "आई, यावर तू लग्नात बरोबर अठराची होतीस."

"कागदावर," आई म्हणाली.

"खरी किती होतीस?"

तिने स्कूटीची किल्ली माझ्या हातातून घेतली, कशी फिरवायची ते एकदा डोळ्यांनी विचारलं, आणि म्हणाली, "अर्ज भर."